गिटारीची खरखर आणि मिरजेची जवारी

पवईसारख्या विद्यार्थ्यांच्या वस्तीत जुनी गिटार हातोहात फिरते. शिक्षण आटोपून निघालेला ती नव्याने आलेल्याला विकून जातो. घरी आणून तार छेडली की खर्र असा आवाज येतो आणि घेणारा म्हणतो, फसलो, लाकूड गेलं. बहुतेक वेळा लाकूड गेलेलं नसतं.

आवाज नेमका कधी येतो ते आधी पाहावं. एकाच फ्रेटवर बोट ठेवल्यावर येत असेल, तर पुढची फ्रेट वर उचललेली असते. मोकळी तार खरखरते, पण बोट ठेवताच गप्प होते, तेव्हा वरच्या नटमधली खाच झिजून खोल गेलेली असते. पहिल्या चार-पाच फ्रेटवर सगळीकडे खरखर असेल, तर नेक फार सरळ किंवा उलटी वाकलेली असते. तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबावी. सातव्याजवळ जाड कागद सरकेल एवढी फट हवी. नसेल तर नेकमधला ट्रस रॉड पाव-पाव फेऱ्यानं सैल करावा, घाई करू नये. आणि ठरावीक सुरालाच पोटातून खडखड उठत असेल, तर तारेला दोष देऊ नये. खुंट्यांचे स्क्रू तपासावेत, मग बोटाच्या पेरानं पोटावर ठोकत जावं. आतली सुटलेली पट्टी स्वतःच जागा सांगते. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड ओल पिऊन फुगतं, एसीच्या कोरड्या खोलीत आक्रसतं. पोट खाली बसलं की तारा फ्रेटला टेकू लागतात.

या सगळ्या दुरुस्तीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: खरखर हा रोग आहे. आपल्याकडच्या तंबोऱ्याला मात्र ती नसेल तर गवई तो हातात धरणार नाही. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा रुंद आणि अगदी किंचित उताराचा असतो. कंप पावणारी तार त्या उताराला पुन्हा पुन्हा चाटून जाते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती नेमकी कुठे टेकावी हे ठरवतात. तीच जवारी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 मध्ये यावर लिहिलं. तार एखाद्या बिंदूवर छेडली तर काही उपस्वर उमटू नयेत असा युरोपात मान्य असलेला नियम होता. तंबोरा आणि वीणेत तेही उमटतात, असं त्यांना आढळलं.

रामन यांनी मोजलं ते मिरजेतले कारागीर पिढ्यान् पिढ्या कानाने करत होते. हे कारागीर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना धार लावणारे मुसलमान. आज शिकलगार म्हटलं की सुऱ्या-कात्र्यांचं चाकच आठवतं, पण संस्थानांच्या फौजा होत्या तोवर हा मानाचा धंदा होता. कंपनी सरकारच्या काळात हत्यारांची मागणी ओसरली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, पटवर्धनांच्या आश्रयाने, फरीदसाहेब शिकलगार तंतुवाद्यांकडे वळले. त्यांच्या वंशजांचं आडनावच पुढे सितारमेकर झालं. हा बदल मला वाटतो तेवढा अचानक नसावा. पात्याला धार देणं आणि घोडीचा माथा कानशीनं केसभर उतरवणं, दोन्हींत जास्त घासलं की काम वाया.

भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, लाकूड तूनचं. गिऱ्हाईकही दाराशी होतं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकायला विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत आले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ इथेच स्थायिक झाले; वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात होता. 1937 मध्ये ते गेले आणि मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं. उरुसात तिथे गवई आजही हजेरी लावतात.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं, नकली मालाला थोडा आळा बसेल. पण जवारी तारेच्या घासण्यानं झिजते. घोडीवर चर पडले की आवाज बसतो आणि ती पुन्हा लावावी लागते. खुली हवी की बंद, हे गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे ठरतं. गिटारीसाठी फट मोजायला पट्टी मिळते. जवारीसाठी अजून तरी एकजण तार छेडतो, दुसरा ऐकतो, आणि मग कानस उचलली जाते.