मूत्राशयवेदना, चिरकारी : औषध व वर्तनशिक्षण

जंतुसंसर्ग वा दुसरे उघड कारण नसताना मूत्राशयाच्या जागी सहा आठवड्यांहून अधिक काळ टिकलेली वेदना किंवा दाब, आणि जोडीला वारंवार, घाईची लघवी. जुने नाव इंटरस्टिशियल सिस्टायटिस. गाय हनर यांनी १९१५ मध्ये वर्णिलेले व्रण थोड्याच रुग्णांत आढळतात. कारणाविषयी एकमत नाही. आपल्याकडे रुग्ण बहुधा ‘उन्हाळी लागली’ म्हणून येते. कल्चरमध्ये जंतू नसतानाही अँटिबायोटिकचे कोर्स अनेकदा होऊन गेलेले असतात.

संयुक्त उपचार : मुख्य आधार २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली उत्तर अमेरिकेतील बहुकेंद्री चाचणी. पूर्वी उपचार न घेतलेल्या २७१ जणांना अमिट्रिप्टिलीन (७५ मि.ग्रॅ.पर्यंत) किंवा निष्क्रिय गोळी दिली, वर्तनशिक्षण मात्र सर्वांना. बारा आठवड्यांनी लक्षणीय आराम सांगणारे अनुक्रमे ५५ व ४५ टक्के. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही. किमान ५० मि.ग्रॅ. मात्रेपर्यंत पोचलेल्यांत प्रमाण ६६ व ४७ टक्के होते. पण गुंगी, कोरडे तोंड, बद्धकोष्ठ सोसून तिथवर सगळेच पोचत नाहीत. चर्चा गोळीचीच झाली. खरे पाहता लक्ष वेधतो तो ४५चा आकडा. त्यात शिक्षणाचा वाटा किती, हे या रचनेतून काढता येत नाही, कारण शिक्षणाविना गट ठेवलेलाच नव्हता.

शिक्षणात काय : लघवीची वेळ व प्रमाण वहीत टिपणे. भीतीने पाणी तोडल्यास लघवी दाट होऊन आग वाढते, म्हणून पाणी दिवसभर विभागून घेणे. चहा, कॉफी, लिंबूवर्गीय फळे, टोमॅटो, तिखट हे संशयित पदार्थ काही काळ बंद करून एकेक परत सुरू करणे. सरसकट पथ्य नको. दर तासाला जाणारीने आधी सव्वा तास थांबून पाहावे, ते जमले की अंतर आणखी वाढवावे. ताण व दुखण्याची उसळी हाताळण्याच्या युक्त्याही शिकवतात. ओपीडीच्या गर्दीत यातले फारसे सांगितले जात नाही.

अन्य औषधे : पेंटोसान पॉलिसल्फेट (अमेरिकेत मान्यता १९९६), दीर्घ वापरानंतर दृष्टिपटलाची हानी २०१८ पासून नोंदली गेल्याने नेत्रतपासणी आवश्यक.

फिजिओथेरपी : ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुखरे असल्यास ते हाताने सैल करणे उपयुक्त, केगेल व्यायाम टाळावेत.

शस्त्रक्रिया : व्रण जाळणे वगळता क्वचितच.