‘कान फुटणं’ म्हणजे नेमकं काय फुटतं? कानाच्या पडद्याविषयी सर्व काही

लहान मूल रात्रभर कान धरून रडतं. पहाटे अचानक शांत झोपतं आणि सकाळी उशीवर पिवळसर डाग दिसतो. घरातले म्हणतात, ‘कान फुटला, आता बरं वाटेल.’ दुखणं थांबलेलं असतं हे खरं. पण ते थांबतं, कारण आत साचलेल्या पुवाच्या दाबाने कानाच्या पडद्याला भोक पडून पू बाहेर आलेला असतो. म्हणूनच कान दुखायचा थांबला, तरी तो डॉक्टरांना दाखवावा लागतो.

पडदा असतो कुठे आणि कसा?

बाहेरून दिसणाऱ्या कानाच्या छिद्रातून सुमारे अडीच सेंटीमीटर आत गेलं की नळी संपते. तिथे हा पडदा ताणून बसवलेला असतो. त्याला कर्णपटल असंही म्हणतात. त्याचा व्यास साधारण ८ ते १० मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असते.

निरोगी पडदा मोतिया-राखाडी रंगाचा, किंचित पारदर्शक आणि आतल्या बाजूला खोलगट असतो. त्याचे तीन थर असतात. बाहेर त्वचा, मध्ये तंतूंचा मजबूत थर आणि आत मध्यकर्णाचं नाजूक अस्तर. वरच्या छोट्या भागात मधला थर विरळ असल्यामुळे तो भाग सैल असतो.

तो काम कसं करतो?

आवाजाच्या लहरी आदळल्या की पडदा थरथरतो. त्याला आतून हातोडीच्या आकाराचं हाड चिकटलेलं असतं. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन चिमुकल्या हाडांमधून ही थरथर आंतरकर्णातल्या द्रवापर्यंत पोहोचते.

हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला, तर बहुतेक परतून जाईल. पडद्याचं क्षेत्रफळ रिकिबीच्या तळव्यापेक्षा सुमारे १७ पट मोठं असतं. मोठ्या जागेवरचा जोर छोट्या जागेवर एकवटतो. त्यात हाडांच्या तरफेची भर पडून दाब जवळपास २२ पट वाढतो.

पडदा नीट हलायचा तर दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखा हवा. हे काम मध्यकर्णापासून नाकामागच्या घशापर्यंत जाणारी युस्टेशियन नळी करते. विमानात किंवा घाटात कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते याच नळीमुळे.

बिघाड कशामुळे होतात?

• मध्यकर्णाचा संसर्ग: लहान मुलांची युस्टेशियन नळी आखूड आणि आडवी असते. त्यामुळे सर्दीचा संसर्ग कानात लवकर पोहोचतो.

• इजा: इअरबड, हेअरपिन, काडेपेटीची काडी यांनी पडदा थेट फाटू शकतो. कानाखाली मारलेल्या जोरदार थपडेने किंवा जवळ फुटलेल्या सुतळी बॉम्बनेही भोक पडू शकतं.

• दाबातला फरक: सर्दी असताना विमानप्रवास किंवा खोल पाण्यात बुडी मारल्यास पडद्यावर ताण येतो.

• पडदा आत ओढला जाणं: नळी दीर्घकाळ बंद राहिली की पडदा आत खेचला जातो. त्या खळग्यात त्वचेच्या मृत पेशी साठून कोलेस्टिएटोमा होऊ शकतो. त्याला गाठ म्हणत असले तरी तो कॅन्सर नव्हे. मात्र तो हळूहळू कानातली हाडं झिजवतो आणि कधी मेंदूपर्यंत संसर्ग नेतो.

लक्षणं ओळखा

अचानक कळ येणं, कमी ऐकू येणं, कानात आवाज येणं, पू किंवा रक्त येणं ही पडद्याच्या बिघाडाची लक्षणं आहेत. कान वारंवार वाहत असेल आणि स्रावाला दुर्गंधी असेल, तर दुखत नसलं तरी तपासणी टाळू नका. चक्कर येणं, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं किंवा कानामागे सूज येणं, यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

उपचार काय?

कान-नाक-घसा तज्ज्ञ ओटोस्कोपने पडदा पाहतात आणि गरज असल्यास ऐकण्याची चाचणी करतात. इजेमुळे पडलेली बहुतेक छोटी भोकं काही आठवड्यांत ते दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतात. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचं नाही, पोहायचं नाही आणि नाक जोरात शिंकरायचं नाही. भोक भरलं नाही, तर टिंपॅनोप्लास्टी ही शस्त्रक्रिया करतात. तिच्यात बहुधा कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण घेऊन भोकावर ठिगळ लावलं जातं.

मग कान साफ कसा करायचा?

खरं तर करायचाच नाही. पडद्यावरची त्वचा मध्यापासून कडेकडे आणि पुढे नळीतून बाहेर सतत सरकत असते. मळ तीच बाहेर आणते. काडी घातली की तो उलट आत ढकलला जातो.

कोमट तेल घालण्याचा घरगुती उपायही टाळा. पडद्याला भोक असेल, तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरतं. जुन्या चिठ्ठीवरचे थेंबही मनाने घालू नका, कारण काही औषधं भोकातून आत गेल्यास आंतरकर्णाला इजा करू शकतात. भोक आहे की नाही, हे आरशात दिसत नाही. म्हणून कानात काहीही घालण्याआधी तो तपासून घ्या.