पायांतून जबड्यात: व्हाइसची कुळकथा

गावच्या सुताराला पिढ्यान्‌पिढ्या व्हाइसची, म्हणजे वस्तू जबड्यात घट्ट धरणाऱ्या अवजाराची, गरज भासली नाही, कारण ते काम त्याचे पाय करत होते. जमिनीवर बसायचं, लाकडाचं एक टोक खुंटाला टेकवायचं, दुसरं पायाच्या बोटांत धरायचं, की दोन्ही हात वाकसाला मोकळे. लोहाराकडे तापल्या लोखंडासाठी सांडशी होती, आणि तो सांडशी धरून असताना घण मारायला घरातलंच कुणीतरी समोर असायचं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजही तंबोऱ्याची दांडी पायांनी अडवून काम करणारे कारागीर दिसतात. ही घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. तलवारींचे दिवस सरले तसे ते तंबोऱ्याकडे वळले, पण बैठक जमिनीवरचीच राहिली.

पायाची पकड उत्तमच असते. ती मऊ असते, हवी तेव्हा सुटते आणि वस्तूवर चरा पाडत नाही. पण गार लोखंडावर कानस चालवायची वेळ आली की पाय अपुरा पडतो. कानस दातानं कापते. वस्तू केसभर हलली तरी ती कापायच्या ऐवजी घसरते. शिवाय चांगली कानस हातानं मारली जात नाही, सगळ्या अंगानं मारली जाते. उभं राहून, एक पाय पुढं टाकून, अंगाचा भार पुढं लोटत. त्यासाठी वस्तू कोपराच्या उंचीवर घट्ट धरलेली हवी. कारागिराला जमिनीवरून उठवून बाकाशी उभं करणारं अवजार म्हणून व्हाइसकडे पाहिलं, तर त्याची कुळकथा आपल्या सातारा-सांगलीची होते.

त्यासाठी रेल्वेचा नकाशा पाहावा. पुण्याहून मिरजेला जाणाऱ्या जुन्या मीटरगेज मार्गावर एकापाठोपाठ तीन ठिकाणं येतात. सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना, जिथं आधी लोखंडी नांगर झाले आणि पुढं डिझेल इंजिनं. (हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते.) कऱ्हाडजवळ ओगलेवाडी, काचेचा आणि प्रभाकर कंदिलाचा कारखाना. आणि तिसरं कुंडल रोड, ज्याचं नाव पुढं किर्लोस्करवाडी झालं. बीड, कोळसा, यंत्रं असली जड वाहतूक बैलगाडीनं परवडत नाही. रूळ आला म्हणून कारखाना आला, आणि कारखाना आला म्हणून फिटिंगचा बाक आला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीत डावललं गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलींचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर असा प्रवास केला. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी धावून आले. कुंडलजवळचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज त्यांनी दिलं. मार्च १९१० मध्ये निवडुंगाच्या त्या माळावर वाडी वसू लागली. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि वाडी सांगलीत, पण तेव्हा दोन्ही एकाच संस्थानात होती. सांगली जिल्हासुद्धा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावानंच जन्मला, १९६० मध्ये त्याला आजचं नाव मिळालं.

नांगराचा कारखाना म्हटलं की लोकांना भट्टी आणि ओतकाम आठवतं. पण साच्यातून निघालेला भाग जसाच्या तसा जुळत नाही. कडेला पातळ पापुद्रे उरतात ते छन्नीनं उडवावे लागतात, भोकं जुळवावी लागतात, बसणारी तोंडं कानसीनं सपाट करावी लागतात. हे सगळं व्हाइसवरचं काम. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा या बाकाशी उभा राहिला की दोन-चार वर्षांत फिटर होऊन बाहेर पडायचा. पुढं आयटीआय निघाल्या, तिथंही फिटरचा पहिला धडा तोच: व्हाइसमध्ये तुकडा धरा आणि सपाट होईतो घासा.

व्हाइसचं पूर्वकुळ मात्र युरोपातलं आहे. न्युरेम्बर्गच्या मार्टिन लोफेलहोल्ट्झच्या १५०५ सालच्या सचित्र हस्तलिखितात सुतारी बाकाला स्क्रूचा व्हाइस जोडलेला दिसतो. लोहारांसाठी पायाचा व्हाइस आला. घडीव लोखंडाचा, आणि त्याचा एक पाय जमिनीपर्यंत गेलेला, म्हणजे घणाचा दणका बाकाला न बसता थेट भुईत उतरतो. त्याच्या नटाची रचना मला फार आवडते. नळीच्या आत आटे पाडायची सोय तेव्हा नव्हती. मग कारागीर स्क्रूच्या आट्यांतून लोखंडाची चौकोनी पट्टी गुंडाळत, ती गुंडाळी नळीत सरकवत आणि पितळ वितळवून आतच डाक देत. स्क्रू उलटा फिरवून काढला की नळीत आटे तयार. प्रत्येक नट अशा रीतीनं आपल्याच स्क्रूपासून जन्मायचा, दुसऱ्याला बसायचा नाही.

ही अडचण ज्यानं संपवली त्याची गोष्ट जुन्या व्हाइसपासूनच सुरू होते. १७८९ मध्ये अठरा वर्षांचा हेन्री मॉड्स्ली लंडनला जोसेफ ब्रामा या कुलूपवाल्याकडे काम मागायला गेला. पोरगा वुलिचच्या शस्त्रागारात घडलेला, सात वर्षांची रीतसर उमेदवारी नसलेला. अशाला घेतला तर बाकीचे कामगार ऐकणार नाहीत, म्हणून मुकादम कचरत होता. मॉड्स्लीनं तिथलाच एक झिजून गेलेला व्हाइस दाखवला आणि म्हणाला, याच्या जबड्यांना नवं पोलाद भरून, पाणी देऊन, घासून संध्याकाळी सहापर्यंत नव्यासारखा करून दिला तर घ्याल? सहाच्या आत व्हाइस तयार होता आणि मॉड्स्ली कामावर. आपला लोहार कुऱ्हाडीला पोलाद भरतो ते काम आणि हे काम एकच: मऊ लोखंडाच्या अंगाला कठीण धार जोडायची.

त्याच मॉड्स्लीनं १८००च्या सुमारास आटे पाडणारा अचूक लेथ उभा केला. त्याच्याकडे काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये नटबोल्टांच्या आट्यांचं माप ठरवून दिलं. आता स्क्रू कुठलाही आणि नट कुठलाही, दोन्ही जुळू लागले. बाकावरचा बिडाचा व्हाइस, ज्याचे जबडे शेवटपर्यंत एकमेकांना समांतर राहतात, हा या अचूकतेचा नातू. शेफिल्डचे ‘रेकॉर्ड’ आणि शिप्लीचे ‘पार्किन्सन’ असे विलायती व्हाइस जुन्या फिटरना नावानं ठाऊक असतात. पुढं जालंधर-लुधियानाकडचे देशी व्हाइस आले आणि गावोगावच्या वर्कशॉपमध्ये पोचले.

व्हाइसच्या स्क्रूला चौकोनी आटे का, हे हिशोबानं पाहण्यासारखं आहे. मूठ २५० मिलिमीटर लांब आणि आट्यांचं अंतर ६ मिलिमीटर धरू. एका फेऱ्यात हात जवळजवळ १५७० मिलिमीटर फिरतो आणि जबडा ६ पुढं सरकतो, म्हणजे जोर सुमारे २६० पट. हातानं २० किलोचा दाब दिला तर कागदावर ५,२०० किलो होतात. घर्षण त्यातलं बहुतेक खातं, तरी चौथा हिस्सा उरला तर जबड्यात १,३०० किलोची पकड येते. तिरप्या आट्यांवर याच जोरातला काही भाग नटाला बाहेरच्या बाजूनं फाडायला जातो. चौकोनी आटा तो सरळ रेषेत पुढं ढकलतो. मुठीत पाईप घालून लांबी दुप्पट करणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करावा. व्हाइस फुटतो तो बहुधा याच पाईपानं.

आता या व्हाइसची दुसरी पिढी सुरू आहे, घरच्या वर्कशॉपमध्ये. कारखान्यातून निवृत्त झालेला फिटर, विट्याकडचा यंत्रमागवाला, विहिरीवरचे पंप उघडणारा मेकॅनिक, ऊसतोडीचे कोयते पाजवणारा, अशांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भंगारातून किलोवर आणलेला व्हाइस हमखास असतो. घेताना तो पूर्ण उघडून पाहावा. रोजचं काम जबडे थोडेच उघडून होतं, म्हणून स्क्रूचे आटे एकाच टापूत झिजतात आणि बाकीचे कोरे राहतात. मग लहान हातोडीनं टिचकी मारावी. धडका व्हाइस खणखणतो, तडा गेलेला फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. तडा स्थिर जबड्याच्या मुळाशी असेल तर मी तो घेत नाही. बिडाला साध्या रॉडनं वेल्डिंग केलं की शेजारची जागा काचेसारखी टणक होऊन पुन्हा तिथंच तडकते. आधी सगळा भाग तापवून पितळेनं जोडला आणि राखेत हळूहळू निवू दिला तर जोड टिकतो, पण त्यावर घण मारायचा नाही.

जाम झालेला स्क्रू डिझेलात भिजवून सैल करावा, घाई करू नये. गंज काढायला घरात चिंच आहेच, पण मोठ्या व्हाइसला विजेचा मार्ग सोपा पडतो. प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, चार्जरची उणे बाजू व्हाइसला, अधिक बाजू एखाद्या जुन्या लोखंडी पत्र्याला. स्टेनलेसचा पत्रा चुकूनही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, म्हणून काम उघड्यावर करावं. दुसऱ्या दिवशी व्हाइस बाहेर काढला की अंगावर काळा मऊ थर असतो. तारेच्या ब्रशनं तो उतरू लागतो आणि रंगाखाली, गंजाखाली, कित्येक वर्षं कुणी न वाचलेली अक्षरं एकेक करून वर येतात. कधी बनवणाऱ्याचं नाव, कधी जबड्याची रुंदी, कधी कुठल्याशा खात्यानं छन्नीनं ठोकलेला क्रमांक. काहीजण ही अक्षरं ग्राइंडरनं सपाट करून वर झगझगीत लाल रंग मारतात. मला ते बघवत नाही. रेड ऑक्साइडचा हात द्यावा, वर साधा गडद रंग द्यावा, आटे आणि सरकती तोंडं कोरी ठेवून ग्रीस लावावं, आणि नाव वाचता येईल असं ठेवावं.

जबड्यांच्या पट्ट्या गुळगुळीत झाल्या असतील तर ट्रकच्या पाट्याचा तुकडा कामाला येतो. तो लाल करून राखेत निववला की मऊ पडतो, भोकं पडतात, कानसीच्या धारेनं आडव्या-उभ्या खाचा घेता येतात. मग पुन्हा तापवायचा. चुंबक चिकटेनासं झालं की अजून थोडा, आणि तेलात बुडवायचा. एवढ्यावर सोडला तर पट्टी ठिसूळ राहते, म्हणून घासून चकचकीत करून हलक्या आचेवर वाळलेल्या गवताच्या रंगाची छटा येईपर्यंत शेकायची. स्क्रू झिजला असेल तर नुसता स्क्रू बदलून भागत नाही. नवा स्क्रू जुन्या नटात बसला तरी प्ले राहतो, म्हणून टर्नरकडून जोडीच करून घ्यावी, नट गनमेटलचा केला तर उत्तम.

यापुढं ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणं व्हाइस बदलत जातो. पंपाच्या शाफ्टला ओरखडा नको म्हणून तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या टोप्या जबड्यांवर चढतात. कोयत्याच्या मुठीसाठी लाकडाचे जबडे होतात. ठिबकवाले आणि प्लंबर पाईप धरायला व्ही खाच घालून घेतात. काहीजण ट्रकच्या ब्रेक ड्रमवर जाड पाईप उभा करून त्यावर व्हाइस बसवतात, म्हणजे शेडमधून अंगणात ओढून नेता येतो. बसवताना दोन गोष्टी पाहाव्यात. जबड्याची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराला लागावी, आणि स्थिर जबडा बाकाच्या कडेच्या किंचित बाहेर यावा. तो आत राहिला तर लांब गज उभा धरताना खाली बाकाला अडतो. निम्म्या घरांत हीच चूक दिसते.

सरकता जबडा कायमचा गेला असेल तरी व्हाइस टाकून द्यायची गरज नाही. कोल्हापूरच्या फौंड्र्या हाकेच्या अंतरावर आहेत आणि जुना जबडाच नव्याचा नमुना होतो. पण बीड निवताना सुमारे एक टक्का आकसतं. तीनशे मिलिमीटरचा जबडा तसाच वाळूत दाबला तर नवा तीन मिलिमीटर आखूड निघेल आणि स्थिर भागात हालत राहील. म्हणून तुटलेले तुकडे जुळवून, नमुन्याच्या सरकणाऱ्या बाजूंवर पुट्टीचा थर चढवून तो आधी मापापेक्षा मोठा करतात, घासकामासाठी आणखी थोडं अंग सोडतात आणि मगच ओतायला देतात. ओतून आलेला जबडा बाकावरच्या दुसऱ्या व्हाइसमध्ये धरून घासायचा, सारखा जुन्या घरात सरकवून पाहायचा, जिथं अडेल तिथं नीळ लावून पुन्हा कानस मारायची, आणि हातानं ढकलल्यावर तो न डुगडुगता आत गेला की स्क्रू चढवायचा.