तुर्मालेची चढण आणि एकच गिअर

२१ जुलै १९१०. पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या लुशों गावातून पहाटेच्या अंधारात सायकलस्वार निघाले. त्यांना ३२६ किलोमीटरवरील बायोन गाठायचे होते, आणि वाटेत पेरसूर्द, आस्पँ, तुर्माले व ओबिस्क हे घाट होते. तूर द फ्रान्सने इतक्या उंच पर्वतात प्रथमच पाऊल टाकले होते.

हा मार्ग सुचवला आल्फोन्स स्टाइनेस यांनी. पाहणीसाठी गेले असता तुर्मालेच्या बर्फात त्यांची मोटार अडकली आणि रात्री पायीच घाट ओलांडताना जिवावर बेतले. तरीही पॅरिसला तार गेली ती रस्ता उत्तम असल्याची! या एका तारेची किंमत पुढे स्पर्धकांनी मोजली.

सायकलींना गिअर बदलण्याची सोय नव्हती. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवत. घाट आला की उतरायचे, चाक सोडवून उलटे बसवायचे, साखळी ताणायची आणि पुन्हा निघायचे. समजा, पुढे ४४ दाते आणि मागे २२. पायडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरते, म्हणजे सायकल सव्वाचार मीटरच्या आसपास पुढे सरकते. चढ तीव्र झाला तरी हे अंतर कमी करता येत नाही. वेग मंदावतो तसे पायही मंदावतात, प्रत्येक फेरी अधिक जड होत जाते आणि अखेर पायडल थांबते. सेंत-मारी-द-कांपाँपासून तुर्मालेच्या २,११५ मीटर उंच माथ्यापर्यंत सुमारे १७ किलोमीटर हेच चालते, तेही खडीच्या कच्च्या वाटेवर.

म्हणूनच ऑक्ताव्ह लापीझ कधी सायकलवर, कधी ती ढकलत चढला आणि तरीही माथ्यावर पहिला पोहोचला. सबंध घाट न उतरता चढला तो गुस्ताव्ह गारिगू. त्याला त्याबद्दल १०० फ्रँकचे बक्षीस मिळाले. चालणारा पुढे आणि न उतरणारा मागे, हा हिशेब एकाच गिअरच्या सायकलीवर मुळीच विपरीत नाही.

ओबिस्कवर फ्रांस्वा लाफूरकाद आधी येऊन निमूटपणे निघून गेला. त्याच्यामागून आलेला लापीझ मात्र आयोजकांवर ओरडला, ‘तुम्ही खुनी आहात!’ चौदा तासांहून अधिक वेळानंतर बायोनला टप्पा त्यानेच जिंकला, आणि पुढे ती स्पर्धाही.

याला पर्याय नव्हता असे नाही. सेंतेतिएनचे पॉल द व्हिव्ही, अर्थात ‘व्हेलोसिओ’, अनेक गिअरांच्या सायकलींवर आधीपासून प्रयोग करत होते. पण स्पर्धेचे संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते बदलते गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी होते. स्नायूंनी जिंकावे, यंत्राने नव्हे. (हे म्हणणारे गृहस्थ त्या दिवशी पर्वतात हजर नव्हते, जबाबदारी त्यांनी व्हिक्टर ब्रेये यांच्यावर सोपवली होती.) गिअर बदलणाऱ्या डेरेलरला तूरमध्ये सर्वांसाठी मुभा मिळाली ती १९३७ साली.

लापीझला ते दिसले नाही. पहिल्या महायुद्धात लढाऊ वैमानिक म्हणून तो १४ जुलै १९१७ रोजी मारला गेला. तुर्मालेच्या माथ्यावर आज त्याच्या स्मरणार्थ धातूचा भव्य पुतळा आहे: धापा टाकणारा, पण सायकलवरून न उतरलेला.