स्वल्पविराम की शेपटी? रोमेनियन भाषेतल्या दोन अक्षरांची गोष्ट

संगणकाला अक्षर दिसत नाही, त्याला फक्त क्रमांक कळतो, हे आपण मागच्या व्याख्यानात पाहिलं. आजचा प्रश्न त्यापुढचा आहे. दोन आकार ही एकाच अक्षराची दोन वळणं आहेत की दोन स्वतंत्र अक्षरं? हे आधी ठरलं नाही, तर काय होतं? त्यासाठी आपण रोमेनियाकडे बघू.

रोमेनियन भाषेनं १८६०च्या दशकात सिरिलिक लिपी सोडून रोमन लिपी घेतली. पण 'श' आणि 'त्स' या उच्चारांसाठी तिथं वेगळी अक्षरं नव्हती. म्हणून एस आणि टी यांच्याखाली छोटा स्वल्पविराम द्यायची पद्धत पुढं रूढ झाली. तुर्कस्ताननं १९२८ साली रोमन लिपी स्वीकारली, तेव्हा तिथंही 'श'साठी एसच घेतला. फक्त त्याखाली आली ती शेपटी, म्हणजे सेडिला. स्वल्पविराम अक्षरापासून सुटा असतो, सेडिला अक्षराला चिकटलेला. डोळ्यांना फरक एवढासाच.

१९८७ साली मध्य आणि पूर्व युरोपीय भाषांसाठी आयएसओ ८८५९-२ हे मानक आलं. त्यात एकूण जागा २५६, आणि भाषा अनेक. रोमेनियन अक्षरं तिथं बसवली, पण सेडिलाच्या नावाखाली. पुढं युनिकोडनंही तेच उचललं : छोट्या एसला ३५१, छोट्या टीला ३५५. स्वल्पविराम काढायचा की शेपटी, ते फाँट बघून घेईल, असा हिशेब होता.

हिशेब चुकला. ३५१ हाच क्रमांक तुर्कीलाही हवा होता, त्यामुळे फाँट करणाऱ्यांनी तिथं शेपटी काढली. शेपटीवाला टी तुर्कीत लागतच नाही, म्हणून तिथं अनेकांनी स्वल्पविराम काढला. परिणाम काय, तर एकाच रोमेनियन ओळीत एसखाली शेपटी आणि टीखाली स्वल्पविराम!

शेवटी १९९९ मध्ये युनिकोडच्या ३.० आवृत्तीत स्वल्पविरामवाली अक्षरं वेगळी झाली : ५३७ आणि ५३९. पण २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा रोमेनियन कळफलक जुनेच क्रमांक देत होता, आणि नवी अक्षरं नेहमीच्या फाँटमध्ये नव्हती. २००७ साली रोमेनिया युरोपीय संघात गेला, त्याच वर्षी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टात ही अक्षरं नीट मिळाली.

तोवर लिहून झालेल्या मजकुराचं काय? बुखारेस्टचं रोमेनियन नाव, तिमिशोआरा, कितीतरी आडनावं, सगळ्यांत हा 'श' आहे. जुन्या आणि नव्या क्रमांकानं लिहिलेलं नाव माणसाला एकच वाटतं, पण संगणकासाठी ते दोन वेगळे शब्द. साध्या शोधात अर्धा मजकूर सापडतच नाही. युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियमही ही अक्षरं एक करत नाहीत, कारण आता ती अधिकृतपणे वेगळी आहेत. शोधयंत्राला हे मुद्दाम शिकवावं लागतं.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. मराठी वळणाचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळे, पण क्रमांक तेच. मजकूर मराठी आहे हे कळलं, तर तयारीचा फाँट आपलं वळण दाखवतो, नाहीतर हिंदी वळण दिसतं. आपलं वळण कधीकधी हरवतं, पण शोध मोडत नाही. रोमेनियाला वळण मिळालं, त्याची किंमत मात्र जुन्या मजकुरानं मोजली.

पुढच्या व्याख्यानात तुर्कीतल्या बिनटिंबाच्या आयकडे वळू.