चुकलेल्या स्पेलिंगचं डोमेन

परवा आपल्या पॉडकास्टसाठी डोमेन शोधत होतो. लोक काय सर्च करतात ते कीवर्ड टूलमध्ये बघायचं, मग तो शब्द डॉट कॉमला मोकळा आहे का ते तपासायचं. जे जे सुचलं, ते कुणीतरी आधीच घेतलेलं!

तेव्हा १९९७ची गोष्ट आठवली. स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आपल्या सर्च इंजिनला नवं नाव शोधत होता. आधीचं नाव होतं ‘बॅकरब’. (बरं झालं, बदललं.) त्याच्यासोबत शिकणाऱ्या शॉन अँडरसनने ‘गूगोलप्लेक्स’ सुचवलं. लॅरी म्हणाला, नुसतं ‘गूगोल’ बरं. म्हणजे एकावर शंभर शून्यं. शॉन लगेच तपासायला बसला आणि स्पेलिंग चुकला. चुकीचं नाव मोकळं होतं, लॅरीला तेच आवडलं. १५ सप्टेंबरला नोंदणी! तेव्हा हा शब्द सर्च कोण करत होतं?

पुढे लोकांनी उलटं केलं. जे शब्द सर्च होतात तेच जोडून डोमेन घेतले, कारण त्याने साइट गूगलवर वर यायची. सप्टेंबर २०१२ मध्ये गूगलच्या मॅट कट्सने जाहीर केलं, की अशा नावांच्या सुमार साइट्स आता खाली जातील.

मी कीवर्डची यादी बंद केली. सध्या आजीच्या तोंडचा एक शब्द वेगवेगळ्या स्पेलिंगने टाकून बघतोय.