मंत्रचळ आणि संचय

आपल्या मराठीत ‘मंत्रचळ’ असा एक जुना शब्द आहे. चळणे म्हणजे जागेवरून ढळणे. मंत्र म्हणताना स्वर चुकला, अक्षर गळले, की त्या चुकीचे फळ म्हणणाऱ्याच्या बुद्धीला भोगावे लागते आणि ती ढळते, अशी पूर्वी समजूत होती. तिच्यातून हा शब्द आला. पुढे समजूत विरली, शब्द मात्र उरला. धुतलेले हात पुन्हा धुणारा, लावलेली कडी दहादा ओढून पाहणारा, मोजलेल्या नोटा मोजीतच बसणारा, अशा माणसाला आपण मंत्रचळी म्हणू लागलो. आजचे मनोविकारतज्ज्ञ ज्याला ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर म्हणतात, तो बहुतांशी हाच विकार. नको असलेला विचार मनात पुन्हा पुन्हा घुसतो, त्याने जीव घाबरा होतो, आणि ती घाबर शमविण्यासाठी माणूस एखादी कृती करीत राहतो. गंमत अशी, की ‘माझ्या हातून काही चुकले तर नाही ना?’ ही जी रोग्याची भीती, तीच आपल्या पूर्वजांनी रोगाचे कारण म्हणून सांगितली.

येथे कोणी विचारील, तेच तेच करणे हा रोग असेल, तर जप करणारे सारेच रोगी की काय? प्रश्न रास्त आहे. गंगाखेड हे आपल्या जिल्ह्यातले गाव जनाबाईचे. नामदेवांच्या घरी दळण, कांडण, झाडलोट आणि त्याबरोबर अखंड नाम, असे तिचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहे. १९०७ साली फ्रॉइडने एक छोटा निबंध लिहून धर्माचार आणि या विकारातील कृती यांचे साम्य दाखविले, आणि हा विकार म्हणजे माणसाने स्वतःपुरता उभारलेला एक खासगी धर्मच, असे सुचविले. मला हे अर्धेच पटते. बाह्य साम्य आहे, यात शंका नाही. पण जनीचे दळण पीठ पडले की संपते, आणि नामाने तिला विसावा मिळतो. मंत्रचळ्याचे दळण संपतच नाही. ‘झाले’ हा शब्द त्याचे मन उच्चारीत नाही. हात स्वच्छ झाल्याचे डोळ्यांना दिसते, बुद्धीला कळते, पण मनाला पटत नाही.

याच कारणाने हा विकार आपल्या घरांतून फार काळ लपून राहिला. एखादी वृद्ध बाई दिवसातून पाच वेळा अंगावर पाणी घेई, पाटावरून उठता उठता विटाळाच्या शंकेने पुन्हा न्हाणीघरात जाई. घरचे अभिमानाने सांगत, आमच्या आजींचे सोवळे फार कडक! तिच्या भेगाळलेल्या हातांकडे कोणी पाहिले नाही. दुसरीकडे, चिंध्या, डबे, जुनी वर्तमानपत्रे साठविणाऱ्याला चिक्कू म्हणून हिणविले. एकीच्या वाट्याला आदर आला, दुसऱ्याच्या वाट्याला टवाळी. औषध मात्र कोणालाच मिळाले नाही.

युरोपातही फार वेगळे घडले नाही. तेथे अशा माणसांना प्रथम पापशंकेने पछाडलेले समजून धर्मगुरूकडे धाडीत. एस्किरोल या फ्रेंच वैद्याने १८३८ साली आपल्या ग्रंथात एका व्यापारी घरातील तरुणीची हकीकत दिली आहे. आत्याच्या घरून निघताना आपल्या खिशातून तिची एखादी वस्तू नकळत तर आली नाही ना, ही पहिली शंका. पुढे हिशेबात आपल्याकडून कोणाचे नुकसान होईल ही दुसरी. मग हाताला काही चिकटून येईल म्हणून बोटे चोळणे, वस्तू झटकणे सुरू झाले. ही भीती वेडगळ आहे हे तिला स्वतःला पक्के ठाऊक होते. या जाणिवेमुळेच हा विकार इतर वेडांपासून वेगळा पडतो. जर्मनीत वेस्टफालने १८७७ साली त्याची रीतसर व्याख्या केली.

आता संचयाकडे वळू. मराठवाड्याच्या माणसाला साठवणीचे महत्त्व शिकवावे लागत नाही. जमिनीत पेव खणून ज्वारी ठेवणारी आपली माणसे, आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या आया; त्या सुतळीचा तुकडा टाकीत नाहीत, रिकामे पोते घडी घालून ठेवतात. याला रोग म्हणणे हा अन्याय होईल.

संचयाचे नाव काढले, की आपल्याकडे निजाम मीर उस्मान अली खान यांची आठवण निघते. १९११ ते १९४८ त्यांचे राज्य, आणि परभणी त्याच राज्यातला जिल्हा. १९३७ साली अमेरिकेतील ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले, जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून. अंगावरचे कपडे मात्र साधे, जुने. सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा वडिलांच्या जोड्यात सापडला आणि यांनी तो कागदांवर वजन म्हणून ठेवला, असे सांगतात. १९९५ साली भारत सरकारने त्या खजिन्यातील १७३ दागिने २१८ कोटी रुपयांना घेतले. या गोष्टींवरून निजामांना संचयाचे वेड होते असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते मान्य नाही. मोलाची वस्तू जपणे आणि साधे राहणे याला कंजूषपणा म्हणा हवे तर, पण रोगाचे निदान ऐकीव किश्शांवरून करता येत नाही. रझाकारांचा जाच सोसलेल्या लोकांचा राग मी समजू शकतो; त्या रागाचा निकाल इतिहासाने लावावा, वैद्यकाने नव्हे.

खरा विकार पाहायचा तर न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंचे घर पाहावे. होमर आंधळा, लँग्ली त्याची शुश्रूषा करणारा. भावाला दृष्टी आली की वाचायला हवीत म्हणून लँग्ली वर्षानुवर्षे वर्तमानपत्रे राखून ठेवी. १९४७ च्या मार्चमध्ये होमर मेलेला आढळला. लँग्लीचे प्रेत हाती लागायला आणखी अठरा दिवस लागले, तेही त्याच घरात, काही फुटांवर, ढिगाऱ्याखाली. घरातून निघालेले सामान शंभर टनांहून अधिक भरले. मायेने सुरू झालेला संचय दोघांच्या जिवावर उठला.

बरीच वर्षे वैद्यकाने या संचयाला मंत्रचळाचाच एक प्रकार मानले. परंतु मंत्रचळ्याला आपली कृती छळते, तर साठविणाऱ्याला साठविताना समाधान वाटते, त्रास होतो तो टाकताना. १९९६ साली फ्रॉस्ट आणि हार्टल यांनी त्याची स्वतंत्र व्याख्या मांडली, आणि २०१३ साली अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान मिळाले.

मंत्रचळ दुर्मिळ नाही. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या अठरा लाखांवर होती. शंभरात एकाला आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो असे धरले, तरी ती अठरा हजार माणसे होतात.

उपायाची खरी वाट १९६६ साली उघडली. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर याने हात धुण्याने पछाडलेल्या रुग्णाला घाण वाटणाऱ्या वस्तूंना हात लावायला लावला आणि खोलीतला नळच बंद करविला. भीती चढते, शिगेला पोचते, आणि न धुताही आपोआप उतरते, हा अनुभव मनाला द्यावयाचा. ही पद्धत आज जगभर वापरतात. जोडीला क्लोमिप्रामीन, फ्लुऑक्सेटीन यांसारखी औषधे देतात. त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, आणि पुष्कळ जण त्याआधीच कंटाळून ती सोडून देतात. घरच्यांचेही एक चुकते. ‘कडी लावली ना हो?’ याला ‘लावली, लावली’ असे विसाव्यांदा सांगणे ही माया वाटते, पण तेच उत्तर एकविसाव्या प्रश्नाला खतपाणी घालते.

संचयाच्या बाबतीत औषधांचा आधार थोडा. म्हातारा पंढरीला गेला की मुले ट्रॅक्टर लावून घर रिकामे करतात. तो परत येतो, दोन दिवस जेवत नाही, आणि वर्षभरात घर पुन्हा भरते. म्हणून आता तज्ज्ञ त्याच्याच हाताने काम करवून घेतात. एक कोनाडा घ्यायचा, त्यातली एक वस्तू त्याने उचलायची, ठेवायची की टाकायची ते त्याने सांगायचे, आणि टाकल्यावर जी कालवाकालव होते ती ओसरेपर्यंत शेजारी बसून राहायचे. एका कोनाड्याला कधी कधी आठवडा लागतो.